पन्नास जणांची सही

लोक एकत्र का येतात? पुस्तकात उत्तर सोपे असते, समान हितसंबंध. पण आपल्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारात सगळ्यांचेच हित गुंतलेले असते, तरी अर्जावर सही मागायला गेले की दारे लोटली जातात! म्हणजे नुसते हित पुरत नाही. मग आणखी काय लागते?

मला या बाबतीत नेहमी आपल्या पुण्याची सार्वजनिक सभा आठवते. २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली. निमित्त काय, तर पर्वती संस्थानचा कारभार. देवस्थानची व्यवस्था नीट चालत नाही अशी गावात कुरकुर होती. आता देवस्थान कोणा एकाचे नव्हे. कारभार सुधारला तरी तक्रार करणाऱ्याच्या पदरात चार आणेही पडायचे नव्हते. शिवाय तक्रार घेऊन जाणाऱ्याला कोणीही विचारले असते, "तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने?"

गणेश वासुदेव जोशी या वकिलांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर जो तोडगा काढला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. सभासद व्हायचे, तर निदान पन्नास सज्ञान माणसांचे मुखत्यारपत्र आणायचे. नुसती वर्गणी भरून भागणार नाही. अशा रीतीने सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने पंचाण्णव सभासद निवडले गेले. अध्यक्ष झाले औंधचे पंतप्रतिनिधी. काळ लक्षात घ्या मंडळी, काँग्रेसच्या स्थापनेला अजून पंधरा वर्षे होती.

पन्नास हा आकडा मोठा मार्मिक आहे. पन्नास माणसे ओळखीची असतात. ती रस्त्यात भेटतात, "काय हो, आमच्या कामाचे काय झाले?" असे विचारतात. सही करणाऱ्याला आपला माणूस ठाऊक, आणि सभासदाला तोंड लपवायला जागा नाही! जोशी तर सर्वांचेच 'सार्वजनिक काका' झाले. स्वदेशीचा आग्रह त्यांनी आधी अंगावर घेतला, १८७७ च्या दिल्ली दरबारालाही ते खादीच्या पोशाखात गेले. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले आणि सभेला अभ्यासाचे बळ मिळाले. पर्वतीपासून निघालेली सभा शेतसाऱ्यापर्यंत पोचली. १८७६-७७ च्या दुष्काळात तिने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली.

अर्थात सहा हजार म्हणजे सारे पुणे नव्हे. सभेत सरदार, सावकार, वकील आणि पांढरपेशे यांचाच भरणा. जोतीराव फुल्यांनी तिच्या 'सार्वजनिक'पणावर टीका केली, ती रास्तच होती. त्यांनी १८७३ मध्ये याच शहरात सत्यशोधक समाज काढला. ज्यांची सही कोणी मागितलीच नव्हती, ती माणसे तिथे जमली.

पुढे १८९५ मध्ये सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली. मतभेद कडवे होते. रानड्यांच्या मंडळींनी मात्र घरी बसणे पसंत केले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी दुसरी सभा काढली, डेक्कन सभा.