काळा दोरा आणि खरा भीम

३१ मे २०२४ रोजी राजीव चिलका दिग्दर्शित 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान' हा चित्रपट प्रदर्शित झाला. घाटकोपरच्या एका चित्रगृहात आम्ही तो पाहिला. भीमाच्या भूमिकेतील यज्ञ भसीन पडद्यावर येऊन काही मिनिटे झाली असतील, तोच पुढच्या रांगेतील एका मुलाने विचारले, "आई, खरा भीम कधी येणार?" आई हसली, उत्तर मात्र तिने दिले नाही. आम्हांलाही ते तेव्हा सुचले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा घेतलेला शोध आहे.

त्या मुलाचा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अ‍ॅनिमेशन या संस्थेची 'छोटा भीम' ही मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. दम्यानची कथा त्याच संस्थेने २०१२ मध्ये अ‍ॅनिमेशनपटाच्या रूपाने सांगितली आणि २०२४ मध्ये तीच हाडामांसाच्या नटांना घेऊन पुन्हा सांगितली. अनुपम खेर आहेत, मकरंद देशपांडे आहेत. पण ढोलकपूरशी ज्याची ओळख रेषांतून झाली, त्याच्या लेखी रेषा हीच मूळ संहिता आणि देह हे तिचे भाषांतर. आपल्याकडे हा प्रवास बहुधा उलट दिशेने झाला आहे. मुकेश खन्नांचा 'शक्तिमान' १९९७ साली दूरदर्शनवर आधी सदेह अवतरला, त्याची अ‍ॅनिमेशन मालिका आली ती २०११ मध्ये. 'सिंघम'चा 'लिटल सिंघम' २०१८ मध्ये झाला, 'गोलमाल'चा 'गोलमाल ज्युनिअर' २०१९ मध्ये. देहाकडून रेषेकडे जाताना वजन कमी होते, म्हणून ती वाट सोपी. रेषेकडून देहाकडे येताना ते पुन्हा अंगावर घ्यावे लागते. अडचण नेमकी कोठे येते, हे समजून घ्यायचे तर उपनगरांच्याच इतिहासात थोडे मागे जायला हवे.

अंधेरीला विजय भट्ट आणि शंकर भट्ट या बंधूंची प्रकाश पिक्चर्स ही संस्था होती. पुढे १९४३ साली 'रामराज्य' काढणारी ती हीच. तिच्या १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटात एक माणूस अदृश्य होतो. १९३३ च्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या अमेरिकी चित्रपटावरून स्फुरलेली ही कल्पना पडद्यावर उतरवायची जबाबदारी विशीतही न पोहोचलेल्या बाबूभाई मिस्त्री या तरुणावर आली. त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळे दोरे वापरले. दोरा कॅमेऱ्याला दिसत नसे. वस्तू मात्र आपोआप हलल्यासारखी दिसे. या युक्तीमुळे त्यांचे नावच 'काला धागा' पडले. पुढे चेंबूरला होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्ससाठी त्यांनी जादूच्या आणि पौराणिक कथा रंगवल्या. १९६१ चा 'संपूर्ण रामायण' त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला.

या चित्रपटांचा प्रेक्षक भोळा होता असे म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांला ती मान्य नाही. वस्तू आपण होऊन हलत नाही, हे १९३७ च्या प्रेक्षकालाही ठाऊक होते. कोठेतरी दोरा आहे हे त्याला माहीत असे आणि तो शोधायचा नाही, हे त्याने स्वखुशीने ठरवलेले असे. दिग्दर्शकाने दोरा मेहनतीने लपवायचा आणि प्रेक्षकाने सौजन्याने तिकडे पाहायचे नाही, असा हा अलिखित करार होता. सदेह अद्‌भुतपट या करारावर उभा राहतो.

अ‍ॅनिमेशनला अशा कराराची गरजच नसते, कारण तेथे लपवण्याजोगा दोरा नसतो. लाडू खाताच भीमाच्या अंगी बळ येते आणि तो आपल्याहून कितीतरी थोराड प्रतिस्पर्ध्याला भिरकावून देतो. हे खोटे आहे असे कोणी म्हणत नाही, कारण भीम आणि प्रतिस्पर्धी दोघेही एकाच शाईचे बनलेले आहेत. तोच प्रसंग हाडामांसाच्या मुलाकडे सोपवला, की प्रेक्षकाची नजर नकळत वजन मोजू लागते. पाय जमिनीवर कसा टेकला? धक्का खरोखर बसला का? शोधायचा नाही असे ठरवलेला दोरा डोळे आता आपसूक शोधतात.

देहाबरोबर केवळ वजन येत नाही. देहाला वर्ण असतो, वंश असतो, प्रांत असतो. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५–२००८) या अमेरिकी मालिकेचे एकसष्ट भाग मुलांनी मनापासून पाहिले. तिची सृष्टी उघडच आशियाई संस्कृतींवर बेतलेली होती. आपल्या माहे येथे जन्मलेल्या एम. नाइट श्यामलन यांनी २०१० मध्ये तिचा सदेह चित्रपट केला. त्यात नायकाच्या बाजूच्या प्रमुख भूमिका गोऱ्या मुलांना मिळाल्या, तर आक्रमक अग्निराष्ट्राचा राजपुत्र देव पटेल झाला. रेषेत जे संदिग्ध राहू शकले असते, ते देहात उतरताच भूमिका घेतल्यासारखे झाले आणि वाद पेटला. समीक्षकांनीही त्या चित्रपटाला झोडपून काढले. चित्रकाराला जे निर्णय पुढे ढकलता येतात, ते नट निवडणाऱ्याला पहिल्याच दिवशी घ्यावे लागतात.

आणि देहाला वय असते. चित्रातला भीम २००८ मध्ये नऊ वर्षांचा होता आणि आजही नऊच वर्षांचा आहे. त्याच्याबरोबर नऊ वर्षांचे असलेले मुलुंड-बोरिवलीचे प्रेक्षक २०२४ मध्ये पंचविशीत पोहोचले होते. आपण सोडून गेल्यावरही बालपण जागच्या जागी थांबलेले आहे, हा दिलासा रेषा देऊ शकते. नट तो देऊ शकत नाही. चित्रीकरण संपेपर्यंतच त्याचे कपडे आखूड होऊ लागतात.

मग रेषेला देह देऊच नये काय? येथे आम्हांला दादासाहेब फाळके आठवतात. काडेपेटीतील काड्या चौकटीमागून चौकट हलवून १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' करणाऱ्या फाळक्यांना निर्जीवात जीव भरण्याची कला चांगली अवगत होती. तरीही १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी कृष्ण म्हणून उभी केली ती आपली लहानगी मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाचा आरंभ मोठा विलक्षण आहे. कथा सुरू होण्यापूर्वी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. हसू, रुसवा, राग. मग आपल्या डोळ्यांदेखत त्या मुलीचा कृष्ण होतो. ही माझी मुलगी आहे, हे फाळक्यांनी लपवले नाही. दोरा आधी प्रेक्षकाच्या हाती दिला आणि मग म्हटले, आता पाहा. शतक उलटून गेल्यावरही तो कृष्ण आम्हांला खरा वाटतो.

'छोटा भीम'च्या सदेह अवताराची चूक, आमच्या मते, देह घेण्यात नव्हती. चित्राशी आपले साम्य पटवून देण्याच्या धडपडीत त्याने हातातल्या मुलाकडे, त्याच्या थकण्याकडे, घाबरण्याकडे, दमून बसण्याकडे पुरेसे पाहिले नाही. हे चित्राला न जमणारे होते. तेवढेच केले असते तरी पुरे होते. आज तंत्र एवढे पुढे गेले आहे, की दोरा नंतर संगणकावर पुसून टाकता येतो. प्रेक्षकाचे सौजन्य मात्र संगणकावर तयार होत नाही. ते मागावे लागते, आणि मागण्यासाठी आधी खरे बोलावे लागते.

त्या मुलाच्या आईला आज आम्ही एवढेच सुचवू: खरा भीम येणार नाही, तो घरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आहे, असे त्याला सरळ सांगावे. येथे एक मुलगा आहे आणि तो भीम झाला आहे. मुले रोज अंगणात हेच करतात; त्याला ते नक्की समजले असते.