दस्त्यात कोंडलेला वारा : गिरांदोनीची हवाई बंदूक आणि दाबाचा हिशोब

१/
धूर नाही, ठिणगी नाही, दारूचा कणही नाही. तरीही एकामागून एक वीस गोळ्या झाडणारी बंदूक अठराव्या शतकात युरोपातील एका सैन्याच्या हाती होती. सुमारे पस्तीस वर्षांनी त्याच सैन्याने ती कायमची बाजूला ठेवली. असे का झाले, याचे उत्तर रणांगणावर कमी आणि हवेच्या दाबात अधिक सापडते. त्याचाच हा धागा.

२/
टायरोल प्रांतातील कारागीर बार्तोलोमेओ गिरांदोनी याने ही बंदूक रचली. सम्राट दुसरा जोसेफ याच्या कारकिर्दीत, १७८० मध्ये, ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती स्वीकारली. जर्मन भाषेतील तिच्या नावाचा सरळ अर्थ ‘वाऱ्याची बंदूक’. तुर्कस्तानाविरुद्धच्या १७८८ ते १७९१ च्या युद्धकाळात ती खास शिकवलेल्या नेमबाजांना देण्यात आली.

३/
तिचा दस्ता लाकडाचा नव्हता. तो लोखंडी पत्र्याचा पोकळ कुंभ होता आणि त्यात दाबलेली हवा भरलेली असे. आटे पाडलेल्या मुख्य नळीशेजारी वीस-बावीस गोळ्यांची दुसरी बारीक नळी होती. बंदुकीचे तोंड वर करून आडवी पट्टी सरकवली की एक गोळी जागेवर येई. चाप ओढला की दस्त्याची झडप क्षणभर उघडे आणि हवा गोळीला पुढे ढकली.

४/
समकालीन ठासणीची बंदूक आठवा. दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. मिनिटाला दोन-तीन बार निघाले तरी सैनिक कसलेला मानला जाई. शिवाय हे सारे बहुधा उभ्याने करावे लागे. गिरांदोनीचा नेमबाज आडवा पडून झाडाआडून गोळ्या झाडू शकत होता, आणि त्याची जागा दाखवून देणारा धूर निघत नव्हता.

५/
परंतु ठासणीच्या बंदुकीत एक गुण होता. तिच्या प्रत्येक बाराला दारूचे नवे, स्वतंत्र माप मिळे. पहिल्या गोळीने दुसरीच्या वाट्याचे काही खाल्लेले नसे. हवेच्या बंदुकीत मात्र सगळ्या गोळ्यांचे बळ एकाच साठ्यातून येते. तिचा सारा इतिहास या एका फरकात दडलेला आहे.

६/
रांजणाच्या तळाशी छिद्र पाडले तर भरल्या रांजणातून धार लांब पडते. पाणी उतरू लागले की तीच धार जवळ येत जाते. दस्त्यातील हवेचेही तसेच. प्रत्येक गोळीबरोबर थोडी हवा जाते, उरलेल्या हवेचा दाब उतरतो आणि पुढची गोळी थोड्या कमी जोराने निघते.

७/
आकड्यांत पाहू. भरलेल्या दस्त्यात दाब सुमारे ५५ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ५५ पट. एका भरणीत उपयोगाचे बार सुमारे तीस. पहिल्या दहा गोळ्यांचा पल्ला साधारण १५० पावले, पुढच्या दहांचा १२० ते १२५ आणि शेवटच्या दहांचा १०० च्या आसपास.

८/
पल्ला एकदम निम्मा का होत नाही? स्थूलमानाने गोळीची ऊर्जा दाबाच्या प्रमाणात असते, पण वेग ऊर्जेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. दाब अर्धा झाला तरी वेग सुमारे ७० टक्के उरतो. शिवाय दाब उतरला की झडप अधिक सहज उघडते आणि थोडी जास्त वेळ उघडी राहते. त्यामुळे घट काहीशी सावरली जाते.

९/
मग दस्त्यात आणखी हवा का भरू नये? पहिली अडचण पत्र्याची : सांधे जितका ताण सोसतील तितकाच दाब. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. अशा बंदुकीत आतील दाबच झडपेला घट्ट बंद धरतो, आणि तिला उघडणारा स्प्रिंगचा फटका ठरावीकच असतो. दाब फार वाढला तर झडप जेमतेम किलकिली होते, पुरेशी हवा सुटत नाही आणि गोळी उलट दुबळी निघते. दाब वाढवला की जोर वाढतो, हे एका मर्यादेपर्यंतच खरे.

१०/
आता या दाबाची किंमत. रिकामा दस्ता हातपंपाने भरायला सुमारे १,५०० दट्टे मारावे लागत. तीस बारांनी भागले तर पहिल्या भरणीत एका गोळीमागे ५० दट्टे! सायकलच्या चाकात हवा भरताना शेवटी पंप कसा जड होतो हे आपण जाणतो. इथे अखेरीस दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५५ किलो भार येई. दाबताना हवा तापे; ती निवली की कष्टाने मिळवलेला दाब थोडा उतरे.

११/
म्हणून सैनिकाजवळ भरलेले जादा दस्ते असत आणि पलटणीमागे गाड्यावर बसवलेला मोठा पंप चाले. झडपेजवळील चामडे ओलसर ठेवावे लागे. ते सुकले की हवा झिरपे. दारूची पिशवी फाटली तर डोळ्यांना दिसते. रात्रभरात दस्ता निम्मा रिकामा झाला, हे मात्र गोळी कमी पडेपर्यंत कळत नसे.

१२/
या बंदुकीची सर्वांत प्रसिद्ध कथा अमेरिकेतील आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये मेरिवेदर लुईस याने पिट्सबर्गजवळ आपली हवाई बंदूक भरून ५५ यार्डांवर सात गोळ्या झाडल्या, असे त्याच्या रोजनिशीत आहे. मग ती एका अनभिज्ञ गृहस्थाच्या हातात असताना चुकून सुटली. गोळी सुमारे ४० यार्डांवरील एका स्त्रीच्या टोपीतून जाऊन कानशील चाटून गेली. ती रक्तबंबाळ होऊन कोसळली, सुदैवाने वाचली. सात बारांनंतरही दस्त्यात किती बळ होते, याचा हा भयंकर पुरावा.

१३/
लुईसची बंदूक नेमकी कोणती, यावर बराच वाद झाला. थॉमस रॉडनी याने त्याच वर्षी ती पाहून लिहिलेल्या वर्णनात बावीस गोळ्या, बाजूची नळी आणि एका गोळीपुरतीच हवा सोडणारी रचना आहे. त्यावरून आज अनेक अभ्यासक ती गिरांदोनी घडणीची मानतात.

१४/
१८०४ ते १८०६ या मोहिमेत लुईस आणि क्लार्क यांनी मिसुरीकाठच्या आणि पुढे शोशोनींसारख्या मूलनिवासी समाजांसमोर ती वारंवार झाडून दाखवली. प्रदर्शनाला मोजक्याच गोळ्या लागतात, आणि त्या दाब सर्वाधिक असतानाच्या. पाहणाऱ्यांना नवल दिसले. त्यामागचे शेकडो दट्टे दिसले नाहीत.

१५/
युद्धात तसे चालत नाही. तेथे एकतिसावी गोळीही लागते. १८१५ च्या सुमारास ऑस्ट्रियाने ही बंदूक सेवेतून काढली. वेग, नेम आणि धूरहीनता या कशातही ती उणी नव्हती. तिचे बळ टिकवायला जी निगा, जे प्रशिक्षण आणि जे कारागीर लागत, ते मोठ्या सैन्याला पुरवता येण्यासारखे नव्हते.

१६/
आजच्या स्पर्धेच्या एअर रायफलीत हवा साधारण २०० बारपर्यंत भरलेली असते. मात्र ती थेट झडपेकडे जात नाही. मध्ये बसवलेला नियामक दर बारापूर्वी ठरावीक कमी दाबाचे माप वेगळे काढतो. टाकीतला दाब उतरत असला तरी गोळीमागचा दाब जवळजवळ तोच राहतो. ठासणीच्या बंदुकीतील दारूचे ‘स्वतंत्र माप’ हवेच्या बंदुकीला असे मिळाले.

१७/
२००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा आणि २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील यांनी १० मीटर एअर रायफलीतच सुवर्ण जिंकले. प्राथमिक फेरीच्या साठ गोळ्यांत पहिली आणि साठावी सारख्याच वेगाने जावी लागते. गिरांदोनीच्या नेमबाजाला तिसाव्या गोळीला निशाणा थोडा वर धरावा लागे.
(धागा समाप्त)