बडबड्या लॉगची बाजू

सर्व्हरच्या लॉगमध्ये ओळींचा पूर आला की काय करावं, यावर सिस्टम अ‍ॅडमिन मंडळींत कमालीचं एकमत असतं. वॉर्निंगच्या खालचं सगळं टाकून द्या, फिल्टर लावा, जुन्या फाइली लवकर उडवा. हे मत निव्वळ आळसातून आलेलं नाही. लॉग आणि डेटाबेस एकाच पार्टिशनवर असले, तर लॉगनं डिस्क भरताच डेटाबेसचं लिहिणंही अडतं आणि अपरात्री फोन वाजतो. शिवाय लाखभर निरर्थक ओळींत कामाची एक ओळ सापडणार कशी? तक्रार खरी आहे. उपाय मात्र आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातला.

आधी पातळ्यांचं बघू. सिसलॉग हा १९८०च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेलच्या कामातून जन्माला घातला. शून्य म्हणजे इमर्जन्सी, सात म्हणजे डीबग, अशा त्याच्या आठ पातळ्या आजही चालतात. पण ओळीला कोणती पातळी द्यायची हे ती लिहिणारा प्रोग्राम ठरवतो, आणि पुष्कळ प्रोग्राम काहीच ठरवत नाहीत. लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीखालची एखादी पायथनची सर्व्हिस घ्या. ती नुसतं स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एररवर लिहिते, आणि वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ते सगळं सिस्टमडीच्या जर्नलमध्ये ‘इन्फो’ पातळीवर जमा होतं. प्रोग्राम कोसळताना उमटलेला लांबलचक ट्रेसबॅकसुद्धा! अशा सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये ‘लॉगलेव्हलमॅक्स’ला वॉर्निंग लावलं, की बडबड थांबते आणि तिच्याबरोबर मरणाचं कारणही पुसलं जातं.

एसएसएचचा प्रकार तर याहून बोलका. कुणी यशस्वीपणे लॉगिन केलं की सर्व्हर जी ‘अ‍ॅक्सेप्टेड’ची ओळ लिहितो, ती इन्फोचीच. चोरानं खऱ्या किल्लीनं कुलूप उघडलं तर ती यंत्राच्या लेखी साधी माहिती असते. फेल टू बॅनसारखी राखण करणारी साधनंही फसलेल्या प्रयत्नांच्या ओळी वाचूनच पत्ते अडवतात. गोंगाट नको म्हणून एसएसएचची लॉग पातळी ‘एरर’वर नेली, तर राखणदाराच्याच डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं होतं.

मग वेगमर्यादा? ते जर्नल सांभाळणाऱ्या जर्नलडीची मूळ मर्यादा एका सर्व्हिसला ३० सेकंदांत १०,००० ओळींची आहे. कर्नलची ठरावीक जागांवरची मर्यादा पाच सेकंदांत दहा. त्यापलीकडच्या ओळी गाळल्या जातात आणि किती गाळल्या तेवढी नोंद राहते. मला या मर्यादा मान्य आहेत, त्या असायलाच हव्यात. पण मर्यादेमुळे यंत्र तगलं म्हणून बिघाड बरा झाला असं धरून चालणारे पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

या सगळ्याचा कस लागतो तो पीसीआय एक्सप्रेसच्या तक्रारींत. कर्नल लॉगमध्ये ‘पीसीआयई बस एरर, सिव्हेरिटी करेक्टेड’ ही ओळ, तिच्याखाली उपकरणाचा क्रमांक आणि ‘बॅड टीएलपी’सारखं कारण, सेकंदाला कित्येकदा. करेक्टेड म्हणजे पॅकेट बिघडलं, पण दुव्यानं ते पुन्हा पाठवून निभावलं. यावरचा सर्वांना पाठ असलेला तोडगा म्हणजे बूटच्या ओळीत ‘पीसीआय=नोएईआर’ घालणं. ओळी जागच्या जागी थांबतात. कारण चुका कळवणारी यंत्रणाच बंद झालेली असते! उद्या त्याच स्लॉटवर न निभावता येणारी चूक झाली, तर तिचीही वर्दी या वाटेनं येणार नाही. कार्ड नीट बसलेलं नसेल, रायझर खराब असेल, तर ते तसंच राहतं.

आता त्याच बूटच्या ओळीतला दुसरा पर्याय पाहा: ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’. हा लावला की कर्नल दुव्याच्या वीजबचतीला हात लावत नाही, म्हणजे ती स्वतःहून चालू करत नाही. काही उपकरणांना त्या झोपेतून नीट जागं होता येत नाही आणि चुकांचं मूळ तिथंच असतं. तसं असेल आणि फर्मवेअरनं ती बचत आधीच चालू केलेली नसेल, तर या पर्यायानंही ओळी थांबतात, पण चुकाच घडायच्या थांबल्या म्हणून. पडद्यावर दोन्हींचा परिणाम अगदी सारखा दिसतो. म्हणून लॉग शांत झाला एवढ्यावर बिघाड मिटल्याचा निर्णय देता येत नाही.

सगळंच गाळणं चूक, असं मात्र माझं म्हणणं नाही. सेंटओएस ७वर दर मिनिटाला रूटचा क्रॉन चालला, तर ‘स्टार्टेड सेशन’, ‘क्रिएटेड स्लाइस’ अशा ओळी दिवसातून १,४४० वेळा उमटतात. रेड हॅटनं स्वतःच त्या अपेक्षित असल्याचं सांगून आरसिसलॉगचा फिल्टर सुचवला आहे. तो खुशाल लावावा. त्यात प्रोग्रामचं नाव आणि नेमका मजकूर दोन्ही तपासले जातात, त्यामुळे सिस्टमडीची दुसरी तक्रार त्यात बुडत नाही. पण त्याआधी गेल्या तासाभरातल्या ओळी सर्व्हिसवार मोजाव्यात. बहुतेक वेळा एकच महाशय सगळा गोंधळ घालत असतात.

‘डिस्क स्वस्त आहे, सगळं साठवा’ म्हणणारा दुसरा पक्षही इथं टिकत नाही. जर्नलडी मूळ मांडणीत फाइलसिस्टमच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि तेही जास्तीत जास्त ४ जीबी, एवढीच जागा घेतो. मग जुन्या नोंदी पुसत जातो. दुसरीकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतातल्या कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना मागच्या १८० दिवसांचे लॉग राखावे लागतात. लॉग दुसरीकडे पाठवण्याची सोय नसेल, तर सैल बसलेलं एक कार्ड ते ४ जीबी काही दिवसांत भरून टाकू शकतं, आणि बाहेर ढकलल्या जाणाऱ्या जुन्या ओळींत अनोळखी पत्त्यावरून झालेलं एखादं ‘अ‍ॅक्सेप्टेड’ही असू शकतं.