ढाक
ढाक : प्रतिस्पर्ध्याची मान व हात आवळून त्याला कमरेवरून पाठीवर फेकण्याचा कुस्तीतील डाव (→ कुस्ती). सातारा जिल्ह्यातील तालमींत आणि सांगलीकडील कुंडलसारख्या मैदानांत तो मातीवर खेळला जातो. एका हाताची कव मानेला घालून, दुसऱ्याने दंड ओढत मल्ल झपकन वळतो व कंबर समोरच्याच्या पोटाखाली सारतो. भार कमरेवर आला की प्रतिस्पर्ध्याचे पाय जमिनीवरून सुटतात (→ चीतपट). कंबर उंच राहिल्यास मारणाऱ्याचीच पाठ उघडी पडते. ज्यूदोतील कोशी-गुरुमा याच तत्त्वावर आधारलेली आहे (→ ज्यूदो). गोळेश्वरचे (ता. कराड) खाशाबा जाधव या डावात निष्णात होते, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये (१९५२) त्यांनी बँटमवेट फ्रीस्टाइलचे कांस्यपदक मिळविले.