कोणत्या खोलीचे तापमान?

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, हा नियम फ्रान्सचा. घरे यंत्रांनी उबदार होण्यापूर्वी तेथील खोल्या साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या असत. थंड तळघरातून आणलेली बाटली तेथे किंचित ऊब घेई. २००० साली नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली, २००१ साली राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले. आम्ही नाशिककरांनी वाइनबरोबर तो नियमही घेतला. खोली मात्र आमचीच राहिली. वैशाखात ती तिशी सहज ओलांडते. मग फळाचा गंध दबतो, मद्यार्क तेवढा नाकाला झोंबतो. साठवण तर १२-१३ अंशांत, अंधारातच हवी. वाड्यांतील माजघराचा गारवा ठाऊक असलेल्या आम्हांला हे उमगू नये? प्यायच्या आधी काही वेळ बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. मूळ नियमाचा अर्थ त्यानेच पाळला जातो.