छिन्नरुहा : छाटलागवडीच्या इतिहासातील शब्दांची साक्ष

वसई परिसरातील गिरीज हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस तेथील हिराडोंगरीमुळे, म्हणजेच वज्रगडामुळे, परिचित आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. या दोन घटनांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्याच भूमीतील वाड्यांतून जी बागाइती विद्या हातोहात चालत आली, ती मात्र बखरकारांचा विषय कधीच नव्हती. औषधी वनस्पतींची खोडाच्या तुकड्यांपासून लागवड हे त्या विद्येचे एक अंग होय. तिच्या इतिहासाला शब्दांची साक्ष कितपत उपयोगी पडते, हे येथे पाहावयाचे आहे.

आरंभ गुळवेलीपासून करणे सोयीचे आहे. अमरकोशात गुडूचीच्या पर्यायांत ‘छिन्नरुहा’ आणि ‘अमृता’ ही नावे आढळतात. छिन्नरुहा म्हणजे तोडली असता पुन्हा रुजणारी. दोन पेरांचा तुकडा पावसाळ्याच्या तोंडी जमिनीत खोवला की वेल धरते, ही गोष्ट आजचा बागाइतदारही जाणतो. येथे वनस्पतीचे नाव हेच तिच्या लागवडीचे सूत्र झाले आहे. अमरत्वाची कल्पना औषधी गुणावरून सुचली की या पुनरुत्थानावरून, हे निश्चित सांगता येणार नाही. परंतु दोन्ही नावे एकाच निरीक्षणाच्या आसपास वावरतात, एवढे म्हणावयास हरकत नाही.

हे निरीक्षण एकाकी नव्हे. मनुस्मृतीत बीजापासून व कांडापासून उगवणाऱ्या वनस्पतींचा वेगळा निर्देश आहे. पाली विनयपिटकात मूळ, खोड, पेर, शेंडा आणि बी असे बीजाचे पाच प्रकार सांगितले आहेत. कौटिल्याने कांडबीजांच्या छेदास मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांचा लेप देण्यास सांगितले आहे. तर वराहमिहिराने शेणाचा लेप देऊन कांडापासून लावावयाच्या वृक्षांत डाळिंब व महाळुंग या औषधी फळझाडांची गणना केली आहे. मराठीतही ‘बी’ आणि ‘बेणे’ हे शब्द भिन्न आहेत. उसाची कांडी किंवा हळदीचा कंद हे बेणे होय. त्यास कोणी बी म्हणत नाही. ग्रंथातील भेद बोलीने अशा रीतीने व्यवहारात जपला आहे.

तथापि शब्दाच्या साक्षीला मर्यादा आहे. ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला, आणि कलमी आंब्याची प्रतिष्ठा पोर्तुगीज अमदानीत वाढली. यावरून कलम करण्याची विद्याच परकी, असा निष्कर्ष काढणे मोहाचे आहे. परंतु एका झाडाचे कांड दुसऱ्यावर बसविण्याची रीत वराहमिहिरास ठाऊक होती. शब्द उसना असला म्हणजे विद्या उसनी असतेच असे नव्हे.

याच्या उलट उदाहरण मोगली एरंडाचे. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतील. ते पोर्तुगीजांच्या द्वारे आशियात आले असे मानले जाते. कुंपणासाठी त्याच्या फांद्या खोवतात आणि त्याचा चीक घरगुती औषधांत वापरतात. नावातील ‘मोगली’ हे विशेषण मूळ देश सांगत नाही, केवळ परकेपण सांगते. खुरचाफाही अमेरिकेतूनच आला. मात्र त्याला चंपकाचे जुने नाव मिळाले आणि त्याचे परकेपण पुसले गेले. दोन्ही झाडे फांदी खोवून लागतात. लागवडीची रीत येथे आधीच रुळलेली होती. नवे झाड त्या रीतीत सहज सामावले. १५३४ सालीच गोव्यास आलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये तेथे छापविलेल्या ग्रंथात पूर्वेकडील औषधींचे संवादरूप वर्णन केले. त्याचे लक्ष मुख्यतः गुण, व्यापार व नावे यांकडे आहे. झाड लावणाऱ्या हातांचा इतिहास शब्दांतच शोधावा लागतो.

वसईच्या पट्ट्यातील पानवेल हे या इतिहासाचे जिवंत उदाहरण आहे. आयुर्वेदाने औषधी मानलेल्या या वेलीचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. लागवडीत बीजाचा उपयोग होत नाही. प्रत्येक नवी वेल म्हणजे जुन्याच वेलीचा तुकडा. बी कोठारात साठविता येते. वेलीचे बेणे मात्र वेल जिवंत असेल तरच मिळते. मळा मोडला की परंपराही तुटते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. त्याच्या आधीपासूनच येथील वाड्यांची जागा इमारती घेऊ लागल्या होत्या. गिरीजसारख्या गावांतील वृद्ध बागाइतदारांकडून छाट, पेर, डोळा, बेणे यांविषयीची शब्दसंपत्ती वेळीच नोंदवून घेतली नाही, तर हा पुरावाही उरणार नाही. शब्दाचेही बेणेच असते; एका मुखातून दुसऱ्या मुखात रुजले तरच ते टिकते.