सोप क्लायंटमधील दोषनिवारण (पीएचपी)

सोप क्लायंटमधील दोषनिवारण म्हणजे सोप या एक्सएमएल-आधारित पद्धतीने दूरस्थ वेबसेवेशी संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या आज्ञावलीतील चुका शोधून दूर करणे होय. पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषेत २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून सोपचा विस्तार उपलब्ध आहे.

पद्धत

दोष प्रथम प्रत्यक्ष पाठवलेल्या संदेशात शोधतात. क्लायंट तयार करताना 'ट्रेस' हा पर्याय चालू ठेवल्यास शेवटची विनंती व तिचा प्रतिसाद जसाच्या तसा पाहता येतो.

सामान्य कारणे

जुने वर्णन: सेवेचे वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएल फाइल पीएचपी मूलतः ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, साठवून ठेवते. त्यामुळे सेवा बदलली तरी क्लायंट जुनेच वर्णन वापरतो. चाचणीच्या काळात ही साठवण बंद ठेवतात.

वर्णसंकेतन: संदेशातील मजकूर वैध यूटीएफ-८ असावा लागतो. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. रत्नागिरी जिल्ह्यातील 'हातखंबा' हे गावाचे नाव काना व अनुस्वार धरून ७ चिन्हांचे, म्हणजे २१ बाइटांचे होते. पत्त्याच्या रकान्यासाठी ते २० बाइटांवर कापल्यास शेवटचा काना तुटतो आणि विनंती पाठवली जाण्यापूर्वीच त्रुटी येते. मजकूर बाइटांऐवजी चिन्हांनुसार कापल्यास ती टळते.